एलएन लावलं की परतावा जुळत नाही: सतत चक्रवाढीच्या हिशेबातल्या नेहमीच्या गाठी

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते: "शीटमध्ये एलएनचं (म्हणजे नैसर्गिक लॉगचं) सूत्र टाकलं, पण आलेला परतावा कुठल्याच कागदाशी जुळत नाही." ठाण्याच्या नौपाड्यात शनिवारी संध्याकाळी आम्ही काही जण गुंतवणुकीच्या वह्या आणि लॅपटॉप घेऊन बसतो. कळव्याचे निवृत्त काका असोत की ऐरोलीच्या आयटी पार्कातून थेट आलेली पोरं, गाडी इथेच अडते. कुणाचा आकडा थोडा कमी येतो, कुणाचा निम्म्याहून कमी, तर कुणाचा उणे अडीचशे टक्के. गंमत नाही, माणसं खरोखर हवालदिल होतात. कुणी बँकेवर संशय घेतं, कुणी चांगली चाललेली योजना मोडायला निघतं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

जवळजवळ प्रत्येक वेळी कारण एकच असतं. एका शीटमध्ये दोन जातींचे दर मिसळलेले असतात आणि ते एकमेकांशी ताडून पाहिले जातात. सूत्र बरोबर असतं, पावतीही बरोबर असते, तुलना तेवढी चुकीची असते.

एक पावती, चार दर

एक लाख रुपयांची पाच वर्षांची मुदत ठेव घ्या. दर दसादशे ७ टक्के, व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळवलं जातं. आपल्याकडच्या बँकांच्या संचयी ठेवींची ही नेहमीची पद्धत. पावतीवर मुदतीअखेरची रक्कम छापलेली असते १,४१,४७८ रुपये.

नेरूळहून येणाऱ्या एका ताईंनी अशीच पावती टेबलावर ठेवली. शेजारी वहीत पेन्सिलीने १,४१,९०७ लिहिलेलं आणि त्याखाली "४२९ रु. कमी?" एवढाच प्रश्न. त्यांनी ०.०७ ला ५ ने गुणून ०.३५ काढले, त्याचा ईएक्सपी (एलएनच्या उलटं काम करणारं फंक्शन) घेतला आणि लाखाने गुणलं. म्हणजे बँकेचा ७ टक्के हा सतत चक्रवाढीचा, व्याज क्षणोक्षणी मुद्दलात मिळत असल्यासारखा, दर आहे असं त्यांनी धरलं. तो तसा नाही. तो तिमाही चक्रवाढीचा आहे, दर तिमाहीला १.७५ टक्के, अशा वीस तिमाही. १.०१७५ चा विसावा घात १.४१४७७८ येतो आणि पावतीवरची रक्कम तिथूनच आलेली आहे. बँकेने एक रुपयाही कमी दिलेला नव्हता.

आता हीच पावती उलट बाजूने वाचा. १,४१,४७८ ला १,००,००० ने भागा, एलएन घ्या, ५ ने भागा. येतात ६.९४ टक्के. हा सतत चक्रवाढीचा दर. वर्षातून एकदाच चक्रवाढ धरली, तर तोच परतावा ७.१९ टक्के होतो. आणि ४१,४७८ रुपये व्याजाला नुसतं ५ ने भागलं तर ८.३० टक्के, जो आकडा काही जाहिरातपत्रकांत ठळक छापतात कारण तो सगळ्यात मोठा दिसतो.

७, ७.१९, ६.९४ आणि ८.३०. पावती एक, रक्कम एक, मुदत एक. सोनं तोळ्यात मोजलं काय नि ग्रॅममध्ये मोजलं काय, वजन तेवढंच असतं. आकड्यामागचं माप सांगितलं नाही तर मात्र घोळ होतो. यातला ८.३० मी गुंतवणुकीची तुलना करताना कधीच वापरू देत नाही, कारण त्यात व्याजावरच्या व्याजाची कमाई पाच वर्षांवर सरळ पसरून टाकलेली असते. मुदत जितकी लांब, तितका हा आकडा फुगतो. बाकीचे तीन प्रामाणिक आहेत, फक्त त्यांची सरमिसळ करायची नाही.

एका मापातून दुसऱ्यात जायला तीन सूत्रं पुरतात. वार्षिक चक्रवाढीचा दर हातात असेल तर सतत दर = एलएन(१ + वार्षिक दर). उलट जायचं तर वार्षिक दर = ईएक्सपी(सतत दर) − १. आणि बँकेचा तिमाही चक्रवाढीचा दर असेल तर सतत दर = ४ × एलएन(१ + दर ÷ ४). शेवटच्या सूत्रात ०.०७ घालून पाहा, ०.०६९३९४५ येईल. हा आकडा ६.९४ असा गोल करून पुढच्या खान्यात वापरू नका. गोल केलेल्या दराने पाच वर्षांनी १,४१,४८२ येतात, चार रुपये जास्त, आणि मग ते चार रुपये शोधण्यात संध्याकाळ जाते. दाखवताना दोन दशांश ठेवा, हिशेबात पूर्ण आकडा राहू द्या. (पावतीवरची रक्कम टीडीएस कापण्याआधीची असते. टीडीएस कापला जात असेल तर हातात येणारी रक्कम कमी असेल, तिचा या सूत्राशी संबंध नाही.)

मग हा सतत दर हवाच कशाला?

हा प्रश्न रास्त आहे, कारण तुमची बँक किंवा पोस्ट सतत चक्रवाढीने व्याज देत नाही. शाळेत आपण शिकलो ते सूत्र होतं: रास म्हणजे मुद्दल गुणिले (१ + दर) चा मुदतीइतका घात. याकोब बर्नुली या गणितज्ञाने १६८३ च्या सुमारास असा विचार केला की रुपयाला वर्षाला शंभर टक्के व्याज असेल आणि ते वर्षातून अधिकाधिक वेळा मुद्दलात मिळवत गेलं, तर काय होईल? एकदा मिळवलं तर वर्षअखेर २ रुपये. सहामाही २.२५, तिमाही २.४४, मासिक २.६१, रोज मिळवलं तर २.७१४६. आकडा वाढतो, पण हाताबाहेर जात नाही; २.७१८२८ जवळ येऊन थांबतो. पुढे ऑयलर या गणितज्ञाने या संख्येला जे अक्षर दिलं ते आपण आज ई म्हणून वापरतो. ईएक्सपी म्हणजे या ई चा घात, आणि एलएन म्हणजे त्याची उलटी वाट.

उपयोग हा की सतत चक्रवाढीच्या मापातले परतावे (यांनाच लॉग परतावे म्हणतात) काळाच्या ओळीत सरळ बेरजेने जोडता येतात. सोमवारचा, मंगळवारचा, बुधवारचा मिळवला की आठवड्याचा तयार. साध्या टक्क्यांना हे जमत नाही. पहिल्या वर्षी ५० टक्के वाढ आणि दुसऱ्या वर्षी ५० टक्के घट झाली तर टक्क्यांची सरासरी शून्य येते, पण शंभराचे पंचाहत्तर झालेले असतात. लॉगमध्ये हेच ४०.५५ आणि −६९.३१, बेरीज −२८.७७, आणि त्याचा ईएक्सपी बरोबर ०.७५.

बाजारातलं खरं उदाहरण २३ मार्च २०२० चं. त्या दिवशी सेन्सेक्स ३,९३४.७२ अंशांनी कोसळून २५,९८१.२४ वर बंद झाला. साध्या टक्क्यांत घसरण १३.१५, लॉगमध्ये १४.१०. शीटमध्ये १४.१० दिसलं की लोकांना वाटतं सूत्र जास्त सांगतंय. पण तिथून आदल्या बंदभावावर परत यायला साध्या टक्क्यांत १५.१४ टक्के वाढ लागते, लॉगमध्ये मात्र तेच १४.१०, फक्त चिन्ह बदलतं. पडण्याचा आणि सावरण्याचा आकडा एकच, हे या मापाचं वैशिष्ट्य आहे. एनएसई हा शेअर बाजार रोज चढउतारांची जी फाईल काढतो, त्यातही आजच्या बंदभावाला कालच्या बंदभावाने भागून एलएन घेतलेला स्तंभ असतो.

आकडा पाहून दोष ओळखणं

परतावा अपेक्षेच्या निम्म्याहूनही कमी येत असेल तर एलएनऐवजी लॉग हे दुसरं फंक्शन टाकलेलं असतं. एक्सेल आणि गूगल शीट्समध्ये लॉग फंक्शनला आधार (बेस) दिला नाही तर ते १० धरतं. वरच्या ठेवीवर ६.९४ ऐवजी ३.०१ टक्के दिसतील. घणसोलीच्या एका मुलाने पायथनमध्ये लिहिलेला हिशेब जसाच्या तसा एक्सेलमध्ये आणला होता. पायथनच्या नम्पाय या गणिती संचात लॉग म्हणजे नैसर्गिक लॉगच, त्यामुळे तिकडे उत्तर बरोबर आणि इकडे चूक. आकड्याला २.३०२६ ने गुणून खरा दर आला, तर दोष हाच, खात्री बाळगा. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवरही या दोन कळा शेजारीशेजारी असतात.

उणे २६५.९ टक्के असलं काही आलं तर एलएनच्या कंसात गुणोत्तराऐवजी परतावाच घातला गेला आहे. ०.०७ चा एलएन −२.६५९ येतो, १.०७ चा ०.०६७७. आणि परतावा मुळात उणे असेल तर शीट आकड्याऐवजी थेट चूक दाखवते, कारण उण्या संख्येचा एलएन निघत नाही. कंसात नेहमी नवा भाव भागिले जुना भाव.

शेअरच्या रोजच्या भावांत मधेच −६९.३१ टक्के दिसलं तर घाबरून जाऊ नका, कंपनीने एकास एक बोनस (प्रत्येक शेअरमागे एक मोफत शेअर, म्हणून भाव निम्मा) दिला आहे का ते आधी पाहा. ०.५ चा एलएन इतकाच असतो. रिलायन्सचा एकास एक बोनस २८ ऑक्टोबर २०२४ च्या तारखेचा होता; न जुळवलेले भाव ज्यांनी उतरवून घेतले होते त्यांच्या शीटमध्ये त्या दिवसाची ओळ अशीच दिसते. दहा रुपये दर्शनी किमतीच्या शेअरचे दोन रुपयांचे पाच झाले तर −१६०.९४. शंभर टक्क्यांहून जास्त तोटा कसा काय, असं विचारलं जातं. लॉगमध्ये तो होऊ शकतो. भाव एक पंचमांश राहिला, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी बोनस आणि विभाजन जमेस धरून जुळवलेले भाव घ्या. लाभांश मिळाला असेल तर तो नव्या भावात मिळवून मग भागाकार करा, नाहीतर भरपूर लाभांश देणाऱ्या कंपन्यांवर अन्याय होतो.

मुदतीचा दशांश

ही चूक छोटी आहे आणि सतत होते. किसान विकास पत्राचं घ्या: एप्रिल २०२३ पासूनचा दर ७.५ टक्के, रक्कम ११५ महिन्यांत दुप्पट. ११५ महिने म्हणजे ९ वर्षं ७ महिने. ते शीटमध्ये ९.७ असं टाकलं जातं. खरी मुदत ११५ भागिले १२, म्हणजे ९.५८३३. दोनचा एलएन ०.६९३१४७; त्याला ९.५८३३ ने भागलं की ७.२३ टक्के सतत दर, आणि त्यावरून वार्षिक दर बरोबर ७.५०. ९.७ ने भागलं तर वार्षिक दर ७.४१ निघतो आणि पोस्टाने फसवल्यासारखं वाटतं. सूत्र नीट लागलं आहे का हे तपासायला किसान विकास पत्राइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण दोन्ही टोकं सरकारने जाहीर केलेली आहेत. नवीन शीट केली की पहिली ओळ याचीच टाकायला मी सगळ्यांना सांगतो. तारखा असतील तर दोन तारखांची वजाबाकी भागिले ३६५.

हाच हिशेब घराला लावला की बरेच जण गप्प होतात. समजा ऐरोलीत मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली सगळं धरून ४० लाखांना घेतलेलं घर चौदा वर्षांनी, सगळा खर्च वजा जाऊन, एक कोटीला गेलं. अडीचपट! २.५ चा एलएन ०.९१६३, भागिले १४, म्हणजे ६.५४ टक्के, वार्षिक चक्रवाढीत ६.७६. पाच वर्षांच्या त्या ठेवीच्या ७.१९ हून कमी. घर घेऊन चूक केली असं मी म्हणत नाही, त्या चौदा वर्षांत भाडं वाचलं, मुलं एका शाळेत शिकली. पण परताव्याचा आकडा ६.७६ आहे, अडीचशे टक्के नाही. आणि घर कर्जावर घेतलं असेल तर हेही पुरेसं नाही, कारण पैसे एकाच दिवशी गेलेले नाहीत.

एसआयपी आणि आवर्ती ठेव

पैसे दर महिन्याला जात असतील तर एलएन(आजची किंमत ÷ एकूण भरलेली रक्कम) या भागाकाराला अर्थ नाही. पाच वर्षांच्या एसआयपीत पहिला हप्ता पाच वर्षं काम करतो आणि शेवटचा एक महिना. आधी शीटमधलं एक्सआयआरआर हे फंक्शन लावून, तारखा धरून, दर काढा: एका स्तंभात तारखा, दुसऱ्यात रक्कम, गेलेले पैसे उणे, आजची किंमत अधिक. येणारा दर वार्षिक चक्रवाढीचा असतो. सतत दर हवाच असेल तर त्यावर एलएन(१ + एक्सआयआरआर). १२ टक्क्यांचे ११.३३ होतील. फंडाचं पत्रक एका वर्षाहून जास्त काळाचा परतावा वार्षिक चक्रवाढीतच दाखवतं, त्यामुळे १२ शी १२ च ताडून पाहा. ११.३३ घेऊन फंड मागे पडला असं ठरवू नका.

सगळ्यात महागात पडणारी गाठ

लॉग परतावे काळाच्या ओळीत जोडता येतात, हे एकदा पटलं की माणसं ते वेगवेगळ्या योजनांवरही जोडायला लागतात. इथे नुकसान होतं, आणि हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

दोन योजनांत पन्नास-पन्नास हजार गुंतवले. एक दुप्पट झाली, एक निम्मी. लॉगमध्ये पहिली +६९.३१, दुसरी −६९.३१, सरासरी शून्य. शीट सांगते काहीच मिळालं नाही. हातात मात्र एक लाख आणि पंचवीस हजार, म्हणजे सव्वा लाख आहेत. खरा परतावा २५ टक्के, लॉगमध्ये बोलायचं तर १.२५ चा एलएन, २२.३१. वाशीच्या एका गृहस्थांनी अशाच शून्याकडे बघून चांगली योजना विकायला काढली होती. त्यांना थांबवलं आणि प्रत्येक योजनेची रुपयांतली किंमत मांडायला लावली, तेव्हा कुठे चित्र स्पष्ट झालं.

नियम असा धरा: एका दिवसात अनेक योजना एकत्र करायच्या असतील तर साधे परतावे, प्रत्येकाच्या वाट्यानुसार. एकाच योजनेचे अनेक दिवस जोडायचे असतील तर लॉग परतावे. दोन्ही करायचं असेल तर आधी त्या दिवसाची पूर्ण रक्कम रुपयांत काढा, मग त्या रकमेच्या दिवसागणिक गुणोत्तरांवर एलएन लावा. आणि घरच्यांना किंवा मित्राला परतावा सांगताना शेवटी ईएक्सपी(बेरीज) − १ करूनच सांगा, म्हणजे समोरचा ज्या टक्क्यांत विचार करतो त्यात उत्तर जाईल.

शीट पूर्ण झाल्यावर

रोजच्या लॉग परताव्यांची बेरीज घ्या, तिचा ईएक्सपी काढा, पहिल्या भावाने गुणा. शेवटचा भाव पैशापैशाने आला पाहिजे. नाही आला तर कुठेतरी एका ओळीचा भागाकार चुकीच्या खान्याशी जोडला गेला आहे; बहुधा सूत्र खाली ओढताना मधे एखादी ओळ घातलेली असते.

पण ही तपासणी एक चूक पकडू शकत नाही. भाव ४१०, ४१२, ४१४ असे असताना मधला ४१२ चुकून १४२ टाइप झाला, तर एका दिवशी −१०६.०३ आणि दुसऱ्या दिवशी +१०७.०० येतात. दोघांची बेरीज ०.९७, अगदी बरोबर भावांनी आली असती तेवढीच. एकूण परतावा शाबूत, पण चढउतार मोजायला प्रमाण विचलन काढलं की ते भलतंच फुगतं आणि शांत चालणारा शेअर जुगारासारखा दिसायला लागतो. म्हणून बेरीज जुळल्यावरही परताव्याच्या स्तंभावर गाळणी लावा आणि अधिक किंवा उणे २० टक्क्यांच्या पलीकडच्या ओळी वेगळ्या काढा. त्या तारखांचे भाव एक्स्चेंजच्या नोंदीशी एकेक करून ताडा. बोनस किंवा विभाजन सापडलं तर जुळवलेला भाव घ्या, टायपिंगची चूक असेल तर दुरुस्त करा, आणि घसरण खरीच असेल तर ती ओळ जशी आहे तशी ठेवा.